चालणे, थांबणे आणि गरी : कर्लीकाठचे चार दिवस

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली, की कुडाळातल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी येतो. विचारणारे बहुधा मुंबई-पुण्याहून आलेले मुलगे किंवा लेकी असतात आणि शेजारी आईवडील गप्प बसलेले असतात. ‘डॉक्टर, यांना चार दिवस फिरायला न्यावे म्हणतो. चालणे झेपेल का? बाबांना नदीवर गरवायलाही जायचे आहे. या वयात पाण्याजवळ बसू द्यावे का?’

कोकणाबाहेरील वाचकांसाठी सांगतो. गरी म्हणजे गळाचा आकडा आणि गरी टाकून मासे धरणे म्हणजे गरवणे. या मातीत वाढलेल्या अनेक वृद्धांच्या बालपणीचा हा हक्काचा आनंद नोकरीच्या निमित्ताने मुंबई गाठल्यावर सुटला. निवृत्तीनंतर तो पुन्हा हाताशी येईल असे वाटत असतानाच मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि हृदयाची झडप किंवा स्टेंट आडवे येतात.

या प्रश्नाला माझे उत्तर सहसा ‘न्या, पण नीट आखून न्या’ असे असते. चालणे आणि गरवणे ही दोन वेगळी साहसे नव्हेत. चालून थकलेल्या शरीराला गरी विसावा देते आणि बसून आखडलेल्या सांध्यांना चालणे मोकळे करते. वृद्धांची पदयात्रा बहुधा चालण्यामुळे बिघडत नाही, ती थांबण्याची जागा न ठरवल्यामुळे बिघडते. गरी ही थांबण्याची सन्माननीय सबब आहे. ‘मी दमलो’ असे म्हणणे ज्यांना जड जाते, त्यांना ‘आता भरती लागेल, बसू या’ असे सहज म्हणता येते.

परदेशी छंद आणि आपली गरी

अलीकडे परदेशी राहणारी मुले आईवडिलांसाठी ‘हायकिंग आणि फ्लाय फिशिंग’ अशा जोड सहलींची माहिती पाठवतात. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे आणि दोरा गुंडाळून कीटकासारखे दिसणारे हलके आमिष तयार करतात आणि जड दोर मागेपुढे झुलवून ते पाण्यावर अलगद उतरवतात. थंड, वाहत्या ओढ्यांतील ट्राउट माशासाठी हा प्रकार प्रसिद्ध आहे. इंग्रजांनी सुमारे १२५ वर्षांपूर्वी काश्मिरात ट्राउट आणला. आज हिमाचलातील तीर्थन खोऱ्यातही त्यासाठी पर्यटक जातात. छंद सुंदर आहे. परंतु त्यात खांदा तासन्‌तास फिरवावा लागतो आणि अनेकदा गुडघाभर थंड पाण्यात, गोट्यांवर तोल सांभाळत उभे राहावे लागते. खांदा आखडलेल्या किंवा मधुमेहाने तळपायांची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीला हे मानवणारे नाही.

गळाचा विरंगुळा आपल्याला परकाही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळ आणि दोर यांचा त्यात विचार केला आहे. आमच्या खाडीकाठची हातगरी त्याच कुळातली म्हणावी लागेल. एक दोर, शिशाचे वजन, आकडा आणि आमिषाला कोळंबीचा तुकडा, एवढाच तिचा सरंजाम. ती खुर्चीत बसून, एका हाताने आणि गप्पा मारता मारता टाकता येते.

कोणी जावे, कोणी थांबावे

निर्णय वयावरून करू नये, क्षमतेवरून करावा. घरच्या घरी तीन गोष्टी पाहाव्यात. सपाट रस्त्यावर ३० मिनिटे, पूर्ण वाक्ये बोलता येतील अशा गतीने चालता येते का? हातांचा आधार न घेता खुर्चीतून सलग ५ वेळा १५ सेकंदांच्या आत उठता येते का? जवळ कोणी उभे असताना एका पायावर १० सेकंद तोल राहतो का? यांपैकी दुसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नदीकाठी धोका चालताना जितका असतो त्याहून अधिक बसल्या जागेवरून उठताना असतो.

चाचणी जमली नाही म्हणून बेत मोडू नये, तो सहा आठवडे पुढे ढकलावा. रोज १५ मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला ५ मिनिटे चालणे वाढवावे. जोडीला खुर्चीतून उठण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव करावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. सहलीच्या निमित्ताने ही सवय लागली, तर सहलीचा अर्धा लाभ घर सोडण्यापूर्वीच पदरी पडतो.

काहींनी मात्र निश्चित थांबावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, छातीत नव्याने दुखू लागले असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, पायांवर एकाएकी सूज आली असेल, तळपायाला जखम असेल किंवा गेल्या महिन्यात भोवळ येऊन पडल्याचे कारण सापडले नसेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नेता येते, पण पाण्याजवळ तिच्या हाताच्या अंतरावर एक माणूस सतत हवा आणि त्या माणसाच्या हाती गरी नसावी.

पंचांग पाहून दिवस ठरवा

खाडीतली गरी भरती-ओहोटीवर चालते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणपट केले, की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा आणि नवमीला पावणेसात. पहाटे किंवा सकाळी या वेळेला एक भरती येते आणि त्यानंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी. हा ठोकताळा समुद्रकिनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावे तशी भरती थोडी उशिरा पोहोचते, म्हणून स्थानिकांना विचारून घ्यावे.

वृद्धांसाठी षष्ठी ते नवमी हे चार दिवस मला विशेष सोयीचे वाटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा या भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. शिवाय चढते पाणी दुपारी चारनंतर, ऊन कललेले असताना मिळते. सकाळी गारव्यात चालावे, दुपारी झोपावे, सायंकाळी भरतीबरोबर काठावर बसावे आणि अंधारापूर्वी परतावे, असा दिनक्रम आपोआप जुळतो. औषधे, जेवण आणि झोप यांच्या वेळाही त्यामुळे ढळत नाहीत.

ऋतू नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा निवडावा. मृगाच्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या चढणीच्या माशांची आठवण अनेकांना व्याकूळ करते, हे मी जाणतो. पण तेव्हा भंगसाळ आणि कर्ली या नद्या भराभर फुगतात, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ येते आणि ते मासे अंड्यांनी भरलेले असतात. तो आनंद आठवणीतच राहू द्यावा.

चार दिवसांची आखणी

मुक्काम चारही दिवस एकाच ठिकाणी, कुडाळात किंवा जवळच्या गावी ठेवावा. रोज नवे अंथरूण आणि नवे स्नानगृह हे वृद्धांच्या पडण्याचे मोठे कारण असते. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावे. सकाळी पाऊण ते दीड तास, दर २० मिनिटांनी ५ मिनिटांची विश्रांती आणि पुढच्या टोकाला वाहन उभे, एवढे पुरे.

पहिला दिवस षष्ठीचा. रेल्वेतून उतरल्यावर त्या दिवशी काहीही साधायचे नाही. गाडीत दर तासाला घोट्यांचे व्यायाम आणि शक्य तेव्हा उभे राहणे झाले असेल, तरी पाय जड असतात. सायंकाळी जवळच्या पिंगुळीला जावे. तेथील ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला बसून पाहण्याजोगी आहे. या कलेचे साधक परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसऱ्या दिवशी वालावल. लक्ष्मीनारायणाचे मंदिर, त्यालगतचा तलाव आणि माडा-पोफळींची दाट सावली असा हा परिसर सकाळी सात ते साडेआठ या वेळात पाहावा. मंदिराच्या तलावात गरी टाकू नये. एक सूचना मधुमेहींसाठी. देवळाच्या आवारातील दगडी फरशी दुपारी इतकी तापते, की संवेदना मंदावलेल्या तळपायांना भाजल्याचे कळतही नाही. दर्शन सकाळीच घ्यावे आणि जाड मोजे घालावेत. सायंकाळी नेरूरपारच्या बाजूला कर्लीच्या काठी, वाहन जवळ येईल अशी सपाट जागा पाहून पहिली गरी टाकावी.

तिसरा दिवस धामापूरचा. नेरूरपारचा पूल ओलांडला, की मालवण तालुक्यातील हे गाव येते. इ. स. १५३० मध्ये बांधलेल्या येथील तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. काठी भगवतीचे मंदिर आणि भोवती गर्द झाडी. येथे फक्त चालावे, पाणी न्याहाळावे आणि पायऱ्यांवर हात धरूनच उतरावे. बरोबर तरुण मंडळी असतील तर त्यांनी हा दिवस आपल्यासाठी घ्यावा आणि नारूरहून रांगणा किल्ल्याची चढण करून यावे. ज्येष्ठांना त्या चढणीवर नेणे आणि तरुणांना दिवसभर काठावर बसवणे, दोन्ही सारखेच अन्यायकारक. सायंकाळी सर्वांनी पुन्हा कर्लीकाठी भेटावे.

चौथा दिवस भोगव्याचा. कर्ली जेथे समुद्राला मिळते, तेथे एका बाजूस देवबागची चिंचोळी पट्टी आणि दुसऱ्या बाजूस भोगव्याचा किनारा आहे. नवमीला सकाळी आठनंतर पाणी ओसरू लागले, की घट्ट ओली वाळू उघडी पडते. गुडघेदुखी असलेल्यांना कोरड्या, भुसभुशीत वाळूपेक्षा ही मानवते. पादत्राणे मात्र काढू नयेत. संगमावर पाण्याची ओढ फसवी असते, म्हणून तेथे गरी नको. सायंकाळी ताकद उरली असेल, तर कर्लीवर शेवटची बैठक जमवावी.

औषधांची पिशवी

सर्व औषधे दोन संचांत न्यावीत, एक पिशवीत आणि एक सोबत्याकडे. कोणतेही औषध सहलीसाठी स्वतःहून बंद करू नये. लघवी वाढवणारी गोळी घेणारे अनेक जण वाटेत अडचण नको म्हणून पाणी पिणेच सोडतात आणि मग भोवळ येते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. अधिक चालल्याचा परिणाम रात्रीही जाणवतो, म्हणून झोपण्यापूर्वी साखर तपासावी. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळ दिसताच ३ चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण नीट गिळू शकत नसेल किंवा शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णवाहिका बोलवावी. इन्सुलिन उभ्या मोटारीत ठेवू नये, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात सावलीत ठेवावे.

कोकणात शहाळ्याचा आग्रह होणारच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. कोकम सरबतातील साखरही विसरू नये.

छातीत दुखले, तर चालणे तत्काळ थांबवून बसावे आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्यावी. ५ मिनिटांत आराम नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कुडाळला ग्रामीण रुग्णालय आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. रोज निघताना कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या यजमानांना सांगून ठेवावे, कारण खाडीकाठी काही ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही.

काठावर बसताना

टेकू आणि हात असलेली घडीची खुर्ची न्यावी आणि ती काठापासून माणसाच्या दोन उंचींइतकी आत मांडावी. दोर लांब असतो, खुर्ची पुढे सरकवण्याची गरज नसते. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांना झटकन उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी घोटे हलवावेत, मग पुढे सरकून बसावे, उभे राहिल्यावर दहा अंक मोजावेत आणि मगच पाऊल टाकावे. मासा लागला की हा नियम सर्वांत आधी विसरला जातो. म्हणून ओढायचे ते बसूनच, हे आधी ठरवावे. जिल्ह्यातील काही नद्यांत मगरींचा वावर आहे. स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, पाय सोडूनही बसू नये.

आकड्याचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा. मग गरी बोटात रुतली, तरी सहज निघते. काटा आत अडकला असेल, तर ओढाओढ न करता दवाखाना गाठावा आणि डोळ्याला इजा झाल्यास तेथे हातही लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लहान जखमही स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरावी. धनुर्वाताची लस १० वर्षांत झाली आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

कर्लीत तांबोशी, काळुंदर, शेंगटी असे मासे मिळतात. शेंगटीचा काटा टोचला, तर वेदना विलक्षण असते. तो भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे ठेवल्यास वेदना उतरते. चहाखेरीज गरम पाण्याचा एक थर्मास न्यावा तो यासाठी. पाणी किती गरम आहे, हे सोबत्याने स्वतःच्या हाताने पाहावे, मधुमेही रुग्णाच्या पायावर विश्वासू नये. फुगणारा केंड मासा लागला, तर तो खाऊ नये. त्याचे विष शिजवूनही जात नाही.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ‘सिंधुदुर्गात नदीकाठी गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस येथे आढळतो. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्णही २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला आढळले आहेत. शहरातील डॉक्टरांच्या मनात हे आजार लगेच येतीलच असे नाही.

सांभाळणाऱ्यांसाठी

माझ्या एका ७४ वर्षांच्या रुग्णाची अँजिओप्लास्टी झाली होती आणि मधुमेह जुना होता. मुलाने नदीवर जाण्यास साफ मनाई केली होती. त्या गृहस्थांची प्रकृती तपासताना मी त्यांच्या पत्नीला विचारले, ‘काकू, तुम्हाला काय वाटते?’ त्या म्हणाल्या, ‘दोन वर्षं मी यांच्या गोळ्या मोजतेय. चार दिवस दुसऱ्या कुणी मोजल्या, तर मीही नदी बघीन.’ सहलीची खरी गरज कोणाला अधिक आहे, ते त्या वाक्यात कळले. सहा आठवड्यांच्या तयारीनंतर ते कुटुंब गेले. गोळ्यांचा डबा मुलाने सांभाळला. दुसऱ्या सायंकाळी गृहस्थांच्या टाचेला फोड दिसला, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांचे चालणे रद्द झाले. गरी मात्र रद्द झाली नाही. धामापूरच्या तलावाकाठी त्या दिवशी काकू मुलाबरोबर चालून आल्या.

हे उदाहरण सांगण्याचे कारण असे, की काळजी घेणारी व्यक्ती बहुधा स्वतःही साठी-सत्तरीची असते आणि तिची रजा कोणी मांडत नाही. चार दिवसांत गोळ्या, साखरेची तपासणी, रात्रीचे उठणे आणि पायांची पाहणी ही कामे लेखी वाटून घ्यावीत. रोज निदान दोन तास तिच्यावर कोणतीही जबाबदारी नसावी. दररोज रात्री रुग्णाचे दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहावेत. फोड, लालसरपणा किंवा जखम असेल, तर दुसऱ्या दिवशी चालणे नाही, हा नियम आधीच सर्वांनी मान्य करावा, म्हणजे त्या वेळी वाद होत नाही.

वृद्धाला घरात बसवून ठेवणे सुरक्षित असते, असे आपण गृहीत धरतो. पण न चालण्याने स्नायू झिजतात, तोल जातो, भूक मंदावते आणि मन कोमेजते. हा धोका हळू येतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही एवढेच. नदीकाठचा धोका दिसतो, म्हणून त्याची तयारी करता येते. आपल्या घरी असे कोणी गप्प बसलेले असेल, तर प्रथम त्यांना कोठे जायचे आहे ते विचारावे. मग डॉक्टरांची वेळ घ्यावी, खुर्चीतून उठण्याचा सराव सुरू करावा आणि पंचांगात पुढच्या महिन्याची षष्ठी पाहून ठेवावी.